ई-रीडर घेण्याआधी मराठी पान उघडून पाहा

ई-रीडर, म्हणजे ई-पुस्तके वाचण्याचे यंत्र, घ्यायला निघालेला माणूस आधी साठवणक्षमता विचारतो. मराठी वाचकासाठी त्याहून महत्त्वाचे आहे ते देवनागरी पान पडद्यावर कसे उमटते.

हा पडदा मोबाइलप्रमाणे स्वतः उजळत नाही. त्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य कुप्या असतात आणि प्रत्येक कुपीतल्या पारदर्शक द्रवात परस्परविरुद्ध विद्युतभाराचे पांढरे आणि काळे कण तरंगत असतात. विद्युतक्षेत्राच्या दिशेनुसार पांढरे कण वर आले की तो ठिपका पांढरा दिसतो, काळे आले की काळा. एकदा वर आलेले कण विजेविना तिथेच राहत असल्यामुळे वीज मुख्यतः पान उलटताना लागते, तर अक्षरे बाहेरच्या उजेडातच दिसत असल्यामुळे ठाणे स्थानकाच्या फलाटावर भर दुपारीही ती फिकी पडत नाहीत. इंचाला ३०० ठिपके असलेला पडदा घ्यावा. अनुस्वार आणि उकार त्यावर सुटे, स्वच्छ दिसतात.

खरी परीक्षा जोडाक्षरांची. युनिकोड या संगणकावरच्या सर्व लिप्यांसाठीच्या संकेतप्रणालीत लिहिलेल्या मजकुरात अक्षरांचे फक्त क्रमांक असतात, त्यांची जुळणी यंत्रातली प्रणाली आणि फॉन्ट करतात. म्हणून दुकानातच ‘दऱ्या’, ‘वाङ्मय’, ‘ॲप’ हे शब्द असलेली फाइल उघडून पाहावी. पाय मोडलेली अक्षरे किंवा रिकामे चौकोन दिसले, तर ते यंत्र कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये.

फाइलचा प्रकारही पाहावा लागतो. ईपब या ई-पुस्तकांच्या फाइलप्रकारात मजकूर पडद्याच्या रुंदीनुसार नव्याने मांडला जातो. पीडीएफचे पान मात्र ठरलेले असते, त्यामुळे सहा इंची पडद्यावर ते फार बारीक दिसते. ठाण्यातून चालणारे ई साहित्य प्रतिष्ठान पीडीएफ स्वरूपात मराठी पुस्तके विनामूल्य देते. अशा पुस्तकांचे वाचन जास्त असेल, तर मोठा पडदा किंवा टॅब्लेटच बरा. पीडीएफचे ईपब करताना देवनागरी मजकुराची बहुधा मोडतोड होते.

पुस्तके वाढली की ई-पुस्तकांचा संग्रह संगणकावर नीट लावून ठेवणारे कॅलिबर हे विनामूल्य सॉफ्टवेअर उपयोगी पडते. पुस्तक त्यात घेतानाच लेखकाचे नाव एकाच पद्धतीने लिहावे, कारण आद्याक्षरांमध्ये कधी जागा सोडली आणि कधी नाही, तर कॅलिबर त्यांना दोन वेगळे लेखक मानते. या संग्रहाची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावी.