पहिला डीएसएलआर कॅमेरा : निसर्ग आणि मॅक्रो छायाचित्रणासाठी निवड

डीएसएलआर म्हणजे एकभिंगी प्रतिवर्ती डिजिटल कॅमेरा. हे भारदस्त नाव घेऊन ठाण्याच्या कुठल्याही दुकानात गेलात तर दुकानदार चक्रावेल. लेन्समधून आलेला उजेड ४५ अंशांत बसवलेल्या आरशावर आपटून डोळ्याकडे जातो. बटण दाबताच आरसा वर उचलला जातो आणि उजेड चित्र टिपणाऱ्या सेन्सरवर पडतो. कोडॅकने १९९१ मध्ये निकॉन एफ३ या फिल्म कॅमेऱ्याच्या बॉडीवर बांधलेला डीसीएस हा विक्रीला आलेला असा पहिला कॅमेरा. २००३ च्या कॅनन ३००डी पासून ही जात हौशी माणसाच्या आवाक्यात आली. आता कंपन्या मिररलेसकडे, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे वळल्या आहेत. त्यामुळे पहिला डीएसएलआर बहुधा सेकंडहँडच घेतला जातो, आणि शिकणाऱ्याच्या ते पथ्यावर पडते.

निवडीत बहुतेकांची गफलत एकाच ठिकाणी होते : पैसे बॉडीवर, म्हणजे लेन्सखेरीजच्या कॅमेऱ्यावर जातात आणि लेन्ससाठी काही उरत नाही. मॅक्रो म्हणजे वस्तूची प्रतिमा सेन्सरवर मूळ आकाराएवढी, १:१ प्रमाणात पडणे. हौशी डीएसएलआरमध्ये बहुधा असणारा एपीएस-सी सेन्सर जेमतेम २३ मिमी रुंद असतो, म्हणजे १:१ ला तेवढीच वस्तू चौकट भरते. सोबत मिळणारी १८-५५ मिमी (हे लेन्सचे नाभीय अंतर) किट लेन्स फार तर १:३ पर्यंत जाते. तिच्यातून नीलवंत फुलपाखरू देखणे येते, मुंगी मात्र ठिपकाच राहते. खरी मॅक्रो लेन्स ६० मिमी किंवा ९० ते १०५ मिमीची घेतात. ६० मिमी स्वस्त आणि हलकी. पण १:१ साठी किड्याच्या इतके जवळ जावे लागते की चतुर केव्हाच उडालेला असतो. १०० मिमीच्या लेन्सला साधारण १३ ते १५ सेंमी अंतर मिळते. हात आखडता असेल तर ५० मिमी लेन्समागे एकूण ५० मिमीच्या एक्स्टेन्शन ट्यूब (काच नसलेल्या पोकळ नळ्या) लावल्या तरी १:१ गाठता येते. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांच्या बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यामुळे बॉडीतल्या मोटरवर चालणाऱ्या जुन्या एएफ-डी लेन्स त्यांवर हातानेच फोकस कराव्या लागतात. मॅक्रोत हे फारसे अडत नाही : फोकस एका जागी ठेवून अंगच मिलिमीटरभर पुढेमागे झुलवायचे असते.

लेन्सचे छिद्र एफ/११ इतके लहान ठेवूनही १:१ ला स्पष्ट दिसणारा भाग एक मिलिमीटरहून कमी असतो. उडी मारणाऱ्या कोळ्याचे डोळे लख्ख येतात आणि मागचे पाय धुक्यात जातात. छिद्र आणखी लहान करावे तर उजेड पुरत नाही. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात किडे भरपूर दिसतात ते पावसाळ्यात, नेमके तेव्हाच झाडांखाली अंधारून येते. म्हणून बॉडीवरचे चार हजार वाचवून फ्लॅश घ्यावा. त्यावर बसवायचा, उजेड मऊ करणारा डिफ्यूझर चिप्सच्या पाकिटाची चंदेरी बाजू आणि ट्रेसिंग पेपर वापरून घरी होतो. सरावाला घोडबंदर रस्त्यावरील ओवळेकर वाडी हे फुलपाखरू उद्यान चांगले. त्याहून जवळ बाल्कनीतला कढीपत्ता. त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी सापडली तर ती मॉर्मन फुलपाखराची असण्याचा संभव मोठा. ती कुठे पळून जात नाही, हाच तिचा मोठा गुण.

पक्ष्यांचे गणित वेगळे. ठाणे खाडीचे फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आले, आणि ऐरोलीला येणारा प्रत्येक नवशिका ३०० मिमीची झूम लावून रोहित पक्षी (फ्लेमिंगो) टिपू पाहतो. हाती बहुधा गुलाबी ठिपके लागतात. एकच लेन्स घेता येणार असेल तर मॅक्रोच घ्यावी.

सेकंडहँड बॉडीचा शटर काउंट (आजवर काढलेल्या फोटोंचा आकडा) विचारावा, पण लेन्स अधिक बारकाईने तपासावी. खाडीकाठच्या दमटपणात, त्यातही चामड्याच्या पिशवीत बंद ठेवलेल्या लेन्समध्ये बुरशी धरते. घरी सिलिका जेल घातलेला घट्ट झाकणाचा डबा पुरतो. आतली आर्द्रता ४० ते ५० टक्के राहिली म्हणजे झाले. दुकानात मात्र छिद्र पूर्ण उघडावे, मागून मोबाइलची टॉर्च लावावी आणि पुढून तिरके पाहावे. कोळिष्टकासारखे धागे दिसले तर दुकानदार त्याला धूळ म्हणेल.