आयात होजिअरीचा एचएस कोड: कसा ठरतो, कागद कोणते, शंका असेल तर अर्ज कुठे

पुरवठादाराच्या इनव्हॉइसवर ‘कॉटन टी-शर्ट, ६१०९’ असं छापलेलं असतं आणि आयातदार तोच आकडा, म्हणजे मालाचा वर्ग ठरवणारा एचएस कोड, बिल ऑफ एंट्रीत (सीमाशुल्काकडे भरायच्या आयातीच्या नोंदपत्रात) उतरवतो. घोळ बहुतेक वेळा इथूनच सुरू होतो. सीमाशुल्क कायद्याच्या कलम १७ नुसार मूल्यांकन आयातदाराने स्वतः करायचं असतं. कोड चुकला तर फरकाचं शुल्क, व्याज आणि प्रसंगी दंड तुम्ही भरायचा, पुरवठादार नाही.

टॅरिफमध्ये, म्हणजे सीमाशुल्काच्या दरसूचीत, विणीचे (निटेड, होजिअरीचे) कपडे ६१ व्या प्रकरणात, मागावर विणलेल्या कापडाचे ६२ व्या. (ब्रेसियर मात्र विणीची असली तरी ६२१२ मध्येच.) खरी मेख यापुढे आहे. बाजारात ज्याला आपण सरसकट टी-शर्ट म्हणतो, त्याचे टॅरिफमध्ये तीन वेगळे रस्ते होतात. कॉलर नाही, गळ्याला बटणपट्टी नाही, खालची कड साधी दुमडलेली: ६१०९. कॉलर आणि अर्धी बटणपट्टी असलेला पुरुषांचा पोलो: ६१०५, म्हणजे शर्ट. पण त्याच कपड्याला खाली रिबची पट्टी किंवा आवळायची नाडी असेल, तर प्रकरणाच्या टिपांनुसार तो ६१०५ मध्येही बसत नाही आणि ६१०९ मध्येही. स्वेटशर्ट त्यामुळेच ६११० मध्ये जातो. कमरेखाली खिसा असला तरी ६१०५ चं दार बंद. वीणही मोजावी लागते: किमान १० बाय १० सेंटिमीटरच्या तुकड्यावर दोन्ही दिशांनी सेंटिमीटरमागे सरासरी १० टाके भरले नाहीत, तर तो शर्ट धरत नाहीत. मी पक्षकाराला सांगतो, कॅटलॉग बाजूला ठेवा, नमुना आणा आणि भिंग काढा.

८६ सेंटिमीटरपर्यंत उंचीच्या बाळांचे कपडे ६१११ मध्ये. पुढून डावी बाजू उजवीवर येत असेल तर कपडा पुरुषांचा, उलट असेल तर बायकांचा. काहीच ठरवता येत नसेल तर बायकांच्या शीर्षकात (चार आकडी कोडात). मिश्र धाग्यात वजनाने जो जास्त तो धरायचा. सूत-पॉलिएस्टर अगदी निम्मे-निम्मे असेल तर क्रमाने नंतर येणारं, म्हणजे पॉलिएस्टर.

या बारकाव्यांना पैशाची बाजू आहे. बऱ्याच कपड्यांवर मूळ शुल्क ‘इतके टक्के किंवा नगामागे इतके रुपये, जे जास्त ते’ असं असतं. स्वस्त मालाला ते नगामागचे रुपयेच झोंबतात. आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी) २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला २५०० रुपयांपर्यंत ५ टक्के, त्याहून महाग नगावर १८ टक्के.

कागदपत्रं: आयईसी (आयात-निर्यात परवाना क्रमांक), जीएसटी क्रमांक, बँकेचा एडी कोड (परकीय चलन व्यवहारासाठीचा शाखेचा क्रमांक) आइसगेट या सीमाशुल्काच्या पोर्टलवर नोंदलेला, इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग किंवा एअरवे बिल. घातक अ‍ॅझो रंग नसल्याचं मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र सोबत हवं, नाहीतर नमुने तपासणीला जातात आणि माल तोवर पडून राहतो. मुक्त व्यापार करारातली शुल्कसवलत घ्यायची तर मूळ देशाचा पुरावा आणि कॅरोटार २०२० (माल खरोखर त्या देशाचा आहे हे तपासण्याचे नियम) खालची माहिती जवळ ठेवा. बांगलादेशी तयार कपड्यांबाबत मे २०२५ पासून आणखी एक अट आहे: ते फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता बंदरातूनच येऊ शकतात.

कोडबद्दल शंका असेल तर अ‍ॅडव्हान्स रूलिंग, म्हणजे आयातीआधीच मिळणारा अधिकृत निर्णय, मागा. त्यासाठीची सीमाशुल्क प्राधिकरणं मुंबई आणि दिल्लीत आहेत. महाराष्ट्रातल्यांनी मुंबईला जायचं. वैध आयईसीधारक, भारतात माल पाठवणारा निर्यातदार किंवा सबळ कारण दाखवू शकणारी व्यक्ती अर्ज करू शकते. अर्ज सीएएआर-१ या नमुन्यात, शुल्क १०,००० रुपये. प्रश्न माल येण्याआधी विचारायचा. तोच प्रश्न तुमच्याच प्रकरणात अधिकाऱ्यापुढे, न्यायाधिकरणात किंवा कोर्टात प्रलंबित असेल, तर अर्ज घेत नाहीत. अर्जासोबत धाग्याचं प्रमाण, टाक्यांची मोजणी, कड, गळा आणि खिशांचे जवळून काढलेले फोटो जोडा. नुसतं ‘फॅशन टॉप’ लिहून कुणाला काही कळत नाही.

निर्णयासाठी कायद्याने तीन महिने दिले आहेत. निर्णय ठरावीक मुदतीपर्यंत टिकतो, मधेच कायदा किंवा वस्तुस्थिती बदलली तर तिथेच संपतो. पटला नाही तर ६० दिवसांत उच्च न्यायालयात अपील. आणि तो बंधनकारक असतो फक्त अर्जदारापुरता, त्यामुळे शेजारच्या गाळेवाल्याच्या निर्णयाची झेरॉक्स दाखवून तुमचा कंटेनर सुटणार नाही.