स्तनन्यूनीकरण शस्त्रक्रिया

प्रमाणाबाहेर वाढलेल्या स्तनांतील जादा ग्रंथी-ऊतक, मेद व त्वचा काढून स्तनांचे वजन घटविण्याची व ओघळलेले स्तनाग्र वरच्या जागी आणण्याची शस्त्रक्रिया. बोलण्यात ‘ब्रेस्ट रिडक्शन’ हे नाव रूढ आहे. मान, खांदे व पाठ सतत दुखणे, ब्राच्या पट्ट्यांनी खांद्यांवर खाचा पडणे, स्तनांखालच्या घडीत घाम साचून बुरशी होणे व त्वचा सोलवटणे या तक्रारी मुख्य. तिची गणना सौंदर्योपचारांत केली जात असली, तरी बहुसंख्य रुग्णांची मूळ मागणी वेदना थांबाव्यात हीच असते. त्यामुळे तिला शारीरिक व्याधीवरील उपचार म्हणणेच रास्त होय.

आद्य शस्त्रक्रियेचा मान कोणाला द्यावा याबद्दल एकमत नाही. सातव्या शतकातील बायझंटिन वैद्य पॉल ऑफ ईजायना याने चंद्रकोरीच्या आकाराचा छेद घेऊन स्तन कमी करण्याची रीत वर्णिली आहे. परंतु ती पुरुषांतील स्तनवृद्धीसाठी आहे. अनेक संदर्भग्रंथ इंग्लंडमधील प्लिमथचे वैद्य विल्यम डर्स्टन यांचे नाव १६६९ या सालासह देतात. रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापलेला त्यांचा वृत्तांत मात्र वेगळे सांगतो. एका तरुण स्त्रीचे स्तन अचानक व अतोनात वाढले, काही महिन्यांत ती दगावली आणि मृत्यूनंतर काढलेला डावा स्तन ६४ पौंड भरला, असा तो मजकूर आहे. म्हणजे ते रोगवर्णन आहे, शस्त्रक्रिया नव्हे; मूळ लेख न पाहता एकाचे दुसऱ्याने उतरवून घेतल्याने हा समज टिकला असावा. बर्लिनचे योहान फ्रीड्रिख डीफेनबाख यांच्या शल्यतंत्रावरील ग्रंथात (दुसरा खंड १८४८, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध) स्तनाखालच्या घडीतून छेद घेऊन खालचा भाग काढल्याचा उल्लेख येतो. तो अधिक ग्राह्य वाटतो. १८९७ मध्ये पूसाँ यांनी वरच्या बाजूने चंद्रकोर काढून स्तन छातीच्या स्नायूवरील आवरणाला टांगला, तर पॅरिसमध्ये मॉरेस्तँ यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्तनाच्या तळातून चकतीसारखा भाग काढला.

यापुढील इतिहास म्हणजे स्तनाग्र जिवंत ठेवण्याचा इतिहास होय. शिकागोचे मॅक्स थोरेक यांनी १९२२ मध्ये स्तनाग्र पूर्ण सुटे करून कलमासारखे पुन्हा लावले. त्यात संवेदना व दूध दोन्ही बहुधा जातात, पण प्रचंड स्तनांत ही रीत अजून वापरली जाते. बीसेनबर्गर यांच्या १९२८ च्या पद्धतीत त्वचा ग्रंथीपासून दूरवर सोडवली जाई; रक्तपुरवठा तुटून ऊतक मरण्याचे प्रकार घडत, तरीही ती काही दशके चालली. १९३० मध्ये श्वार्त्समान यांनी स्तनाग्राभोवतीची केवळ बाह्यत्वचा खरवडून अंतस्त्वचा राखली, कारण बारीक रक्तवाहिन्या तिच्यातून जातात. आजच्या बहुतेक पद्धती या निरीक्षणाच्या ऋणी आहेत. रॉबर्ट वाइज यांनी १९५६ मध्ये ब्राच्या कापडाच्या बेतणीवरून त्वचेवर आखणीचा नमुना बसवला. त्यातून स्तनमंडलाभोवती (स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाभोवती), तेथून खाली व घडीतून आडवा, असा उलट्या ‘टी’सारखा व्रण राहतो.

स्तनाग्राला जोडून ठेवलेल्या ऊतकाच्या पट्ट्याला शल्यचिकित्सक पेडिकल म्हणतात. मराठीत देठ म्हणता येईल. स्ट्रॉम्बेक (१९६०) यांनी आडवा, मॅकिसॉक (१९७२) यांनी उभा दुहेरी देठ सुचवला. १९७५–७७ च्या सुमारास खालचा देठ पुढे आला व तो पुष्कळ काळ सर्वाधिक प्रचलित राहिला. लासूस, लजूर व हॉल-फिंडले यांच्या कामातून आडवा व्रण टाळणारी उभ्या छेदाची पद्धत वाढली. स्तनाग्राची संवेदना मुख्यतः चौथ्या आंतरपर्शुक (बरगड्यांच्या मधून जाणाऱ्या) तंत्रिकेकडून येते. देठ कोणता आणि व्रण कोठे येणार, हे दोन प्रश्न रुग्णाने आधी विचारावेतच.

किती ऊतक काढले म्हणजे ‘वैद्यकीय गरज’ मानावी, यासाठी अमेरिकेत १९९१ पासून श्नूर मापनश्रेणी वापरात आली : शरीराचे पृष्ठफळ १·५ चौ. मी. असल्यास प्रत्येक बाजूने २६० ग्रॅ., १·७ असल्यास ३७० ग्रॅ. विमा कंपन्यांनी ती उंबरठ्यासारखी वापरली. तथापि काढलेल्या वजनावर आराम अवलंबून नसतो, असे नंतरच्या अभ्यासांत दिसले. लहान चणीच्या स्त्रीला थोडे काढूनही तितकाच आराम पडतो. हे मत अधिक सयुक्तिक आहे.

शस्त्रक्रिया संपूर्ण भूल देऊन होते व साधारणपणे दोन ते चार तास चालते. चाळिशीनंतर किंवा कुटुंबात स्तनकर्करोग असल्यास आधी मॅमोग्राफी (स्तनांची क्ष-किरण तपासणी) करतात. काढलेले ऊतक सूक्ष्मदर्शक तपासणीस पाठवतात; त्यात क्वचित न कळलेला कर्करोग सापडतो. निकोटिनाने रक्तवाहिन्या आकसतात व स्तनाग्राला धोका वाढतो, म्हणून तंबाखू निदान चार आठवडे आधी व नंतर बंद हवी. महाराष्ट्रात मिश्रीचा उल्लेख वेगळा करावा लागतो : ती लावणाऱ्या अनेक स्त्रिया तिला तंबाखूत धरत नाहीत आणि विचारल्यावाचून सांगतही नाहीत. लठ्ठपणा व अनियंत्रित मधुमेह यांनीही जखम रेंगाळते. उलट्या ‘टी’च्या रेघा मिळतात त्या तिठ्यावर जखम थोडी उघडणे हा सर्वांत नेहमीचा उपद्रव, तो बहुधा मलमपट्टीने भरून येतो. रक्त साचणे, जंतुसंसर्ग, मेदाच्या गाठी, दोन्ही बाजूंत असमानता व संवेदना कमी होणे हे इतर. स्तनाग्र मरणे दुर्मिळ, पण कल्पना आधी दिलेली बरी. व्रण वर्ष-दीड वर्षात फिकट होतात, जात नाहीत. वण जाड होण्याची प्रवृत्ती असल्यास डॉक्टरांना सांगावे.

आधाराची ब्रा सुमारे सहा आठवडे रात्रंदिवस घालावी लागते. तेवढे दिवस भरलेली कळशी किंवा मूल उचलू नये. हे घरच्यांनाही माहीत हवे, कारण विश्रांती मोडते ती बहुधा घरकामामुळे.

स्तनाग्रामागचा ग्रंथींचा स्तंभ सलग राहिला तर स्तनपान शक्य असते, पण दूध पुरेल याची हमी देता येत नाही. वजन वाढल्यास किंवा गर्भारपणात आकार पुन्हा बदलतो. मुलींमध्ये वाढ थांबेपर्यंत सहसा थांबतात.

भारतात विमा नियामकाने ठरवून दिलेल्या प्रमाण अपवादांनुसार सौंदर्यात्मक वा प्लॅस्टिक शस्त्रक्रियेचा खर्च वगळलेला आहे. अपघात, भाजणे वा कर्करोगानंतरची पुनर्रचना आणि आरोग्यास थेट व तात्काळ धोका दूर करणारे, उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केलेले आवश्यक उपचार यांना सूट आहे. जुनाट पाठदुखी ‘तात्काळ धोका’ या शब्दांत बसवणे कठीण जाते, म्हणून अस्थिरोगतज्ज्ञ व त्वचारोगतज्ज्ञ यांच्या जुन्या नोंदी जपून ठेवाव्यात आणि कंपनीचे उत्तर शस्त्रक्रियेपूर्वी लेखी घ्यावे.