इंग्लंडचा कप्तान, पण इंग्लिश नव्हे

१९७२-७३ च्या हिवाळ्यात इंग्लंडचा संघ भारतात आला तेव्हा आपला कप्तान होता अजित वाडेकर आणि त्यांचा टोनी लुईस. नेहमीचा कप्तान रे इलिंगवर्थ दौऱ्यावर येणार नव्हता म्हणून लुईसकडे कप्तानी आली. गंमत म्हणजे दिल्लीची कसोटी ही त्याची आयुष्यातली पहिलीच कसोटी. पहिल्या डावात भोपळा, दुसऱ्यात नाबाद ७० आणि ऐन नाताळच्या दिवशी विजय. पुढे कलकत्ता आणि मद्रास आपण जिंकलं, कानपूर आणि मुंबईचे सामने अनिर्णित राहिले आणि वाडेकरने लागोपाठ तिसरी मालिका खिशात घातली. ब्रेबर्नवर विश्वनाथचं शतक झाल्यावर उंचाड्या टोनी ग्रेगने त्याला तान्ह्या बाळासारखं उचलून जोजवलं, ती हीच मालिका. चंद्रशेखरचे ३५ बळी तर जुन्या क्रिकेटवेड्यांना अजून पाठ आहेत. इंग्लंडचा हा कप्तान इंग्लिश नव्हता, हे मात्र फारसं कुणाच्या लक्षात राहिलेलं नाही.

लुईस वेल्सचा. जन्म स्वान्सीचा, वाढला नीथमध्ये, केंब्रिजकडून क्रिकेटबरोबर रग्बीही खेळला आणि १९६९ साली ग्लॅमॉर्गन या वेल्समधल्या संघाला कौंटी स्पर्धेचं, म्हणजे तिथल्या जिल्हावार संघांच्या स्पर्धेचं, अजिंक्यपद मिळवून दिलं. जानेवारी १९७३ मध्ये कानपूरला त्याने १२५ धावा केल्या. कसोटीतलं त्याचं ते एकमेव शतक. तो सामना चालू असतानाच, २७ जानेवारीला, तिकडे कार्डिफमध्ये गॅरेथ एडवर्ड्सने बार्बेरियन्स या निमंत्रितांच्या रग्बी संघाकडून खेळताना न्यूझीलंडविरुद्ध असा काही ट्राय (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे नेऊन टेकवणं) केला, की रग्बीतला सर्वोत्तम ट्राय कोणता या वादात त्याचं नाव आजही पहिलं निघतं. एडवर्ड्स खाण कामगाराचा पोरगा, ग्वॉन-के-गर्वेन नावाच्या गावातला. वेल्सकडून तो लागोपाठ ५३ आंतरराष्ट्रीय सामने खेळला, मध्ये एकही चुकला नाही. रग्बीत वेल्सचा संघ वेगळा, फुटबॉलमध्ये वेगळा, क्रिकेटमध्ये मात्र इंग्लंडच्या पोटात. हे असं का, हे समजायचं तर जरा मागे जावं लागतं.

आठव्या हेन्रीच्या काळात, १५३६ आणि १५४३ च्या कायद्यांनी, वेल्स इंग्लंडच्या राज्यव्यवस्थेत पुरतं मिसळून टाकलं गेलं. कायदा इंग्लंडचा, कोर्टाची भाषा इंग्रजी. स्कॉटलंडने विलीनीकरणानंतरही आपली न्यायव्यवस्था आणि आपलं चर्च राखलं. वेल्सकडे राखायला संस्थाच उरल्या नाहीत. कार्डिफला राजधानी म्हणून अधिकृत मान्यता मिळाली तीसुद्धा १९५५ साली. उरली ती भाषा. १५८८ मध्ये बायबल वेल्शमध्ये आलं आणि ती चॅपल म्हणजे छोट्या प्रार्थनाघरांमध्ये, घराघरांत टिकली. मग एकोणिसाव्या शतकात दक्षिणेकडच्या दऱ्यांमध्ये कोळसा निघाला आणि सगळं बदललं. १९१३ साली तिथल्या खाणींतून सुमारे ५ कोटी ७० लाख टन कोळसा वर आला. इंग्लंडमधून, आयर्लंडमधून माणसं पोटासाठी आली. ही गर्दी एका गावात नांदवायला काहीतरी सामाईक हवं होतं. ते मिळालं चॅपलच्या समूहगानात, कामगारांच्या संघटनेत आणि रग्बीत.

१६ डिसेंबर १९०५ हा दिवस म्हणूनच वेल्सच्या इतिहासात लढाईसारखा सांगितला जातो. न्यूझीलंडचा संघ ब्रिटनभर सगळ्यांना लोळवत कार्डिफला आला होता. त्यांनी हाका नाच केला आणि त्याला उत्तर म्हणून वेल्सच्या खेळाडूंनी ‘पूर्वजांची भूमी’ या अर्थाचं वेल्श गीत सुरू केलं. बघता बघता मैदान गाऊ लागलं. सामन्याआधी राष्ट्रगीत म्हणायची प्रथा तिथून सुरू झाली असं मानतात. पाँटिप्रिडच्या एका बापलेकाने १८५६ मध्ये रचलेलं ते गीत. त्याला कुठल्या सरकारने मान्यता दिलेली नव्हती, कारण सरकारच नव्हतं. टेडी मॉर्गनच्या एका ट्रायवर वेल्स ३-० जिंकलं. न्यूझीलंडच्या बॉब डीन्सचा ट्राय पंचांनी नाकारला, त्यावरून दोन्ही देश अजून भांडतात.

मैदानावर असा वेगळा झेंडा लागत होता, त्याच काळात वेल्सचे पुढारी लंडनमध्ये ब्रिटन घडवत होते. लॉइड जॉर्ज जन्मले मँचेस्टरला, पण वाढले वेल्समध्ये, चांभारकाम करणाऱ्या मामाच्या घरी. त्यांची मातृभाषा वेल्श. १९११ चा राष्ट्रीय विमा कायदा त्यांचा. १९१६ ते १९२२ ते पंतप्रधान होते. तरुणपणी वेल्सच्या स्वराज्याच्या गोष्टी करणारा हा माणूस पुढे साम्राज्याचा कारभारी झाला, आणि ते स्वराज्य राहूनच गेलं.

मला जास्त जवळचे वाटतात ते अनायरिन बेव्हन. १८९७ साली ट्रेडेगरमध्ये खाण कामगाराच्या घरी दहा भावंडांत जन्म. तेराव्या वर्षी खाणीत. बोलताना अडखळायचे, अडणारा शब्द टाळायला दुसरा तयार हवा म्हणून कामगारांच्या वाचनालयातली पुस्तकं उपसत राहिले, आणि त्यातून संसदेतला एक जबरा वक्ता तयार झाला. वडील कोळशाच्या धुळीने फुप्फुसं निकामी होऊन गेले. या गावात एक मेडिकल एड सोसायटी होती. कामगारांच्या मजुरीतून दर पौंडामागे काही पेन्स कापले जायचे आणि त्या वर्गणीतून डॉक्टर, औषधं, चष्मे, दात, दवाखाना असं सगळं चालायचं. आजारी पडल्यावर पैसे मोजायचे नाहीत, आधीच सगळ्यांनी मिळून मोजलेले असायचे. बेव्हन तिथल्या रुग्णालयाच्या समितीवर होते. पुढे आरोग्यमंत्री झाल्यावर ५ जुलै १९४८ रोजी त्यांनी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली, तेव्हा सगळ्या देशाचं आपण ट्रेडेगर करतोय, अशी त्यांची भावना असल्याचं सांगतात. १९५१ मध्ये सरकारने चष्म्यांवर आणि कवळ्यांवर शुल्क लावायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी मंत्रिपद सोडलं. चष्म्यासाठी राजीनामा हे बाहेरच्याला विचित्र वाटेल, ट्रेडेगरच्या माणसाला नाही.

मात्र वेल्सच्या वेगळ्या संसदेत बेव्हन यांना रस नव्हता. खाण कामगार इकडचा काय नि इंग्लंडमधल्या डरहॅमचा काय, दुखणं एकच, असा त्यांचा रोख. म्हणजे हा विरोधाभास पाहा: वेल्सच्या सर्वांत मोठ्या पुढाऱ्यांनी उभं केलं ते ब्रिटनचं राज्य, आणि वेल्स नावाचा देश आहे हे आठवण ठेवून सांगत राहिले ते रग्बीचे पंधरा खेळाडू.

त्याच १९४८ च्या उन्हाळ्यात ग्लॅमॉर्गनने पहिल्यांदा कौंटी अजिंक्यपद जिंकलं. क्रिकेटमधलं कोडं इथे सुटतं. ग्लॅमॉर्गनला प्रथम दर्जा मिळाला १९२१ मध्ये, पण इंग्लंडच्या कौंटी स्पर्धेतली एक कौंटी म्हणून. रग्बी आणि फुटबॉलच्या वेल्श संघटना एकोणिसाव्या शतकातच उभ्या राहिल्या होत्या. क्रिकेटपटूला मोठं व्हायचं तर रस्ता कौंटीतूनच जायचा. १९४८ चं अजिंक्यपद पक्कं करणारा सामना इंग्लंडमध्ये बोर्नमथला होता. पन्नाशीच्या जे. सी. क्ले यांनी अखेरचा बळी पायचीत केला आणि बोट वर केलं ते पंच डाय डेव्हिस यांनी, जे स्वतः ग्लॅमॉर्गनचे जुने खेळाडू. आज असं काही झालं तर काय होईल, कल्पना करा! कप्तान होता विल्फ वूलर. १९३५ मध्ये न्यूझीलंडला हरवणाऱ्या वेल्सच्या रग्बी संघातला, महायुद्धात जपान्यांच्या चांगी छावणीतून जिवंत परतलेला, आणि मतांनी कट्टर उजवा.

स्वान्सीचं सेंट हेलेन्स मैदान या सगळ्याचं साक्षीदार आहे. ३१ ऑगस्ट १९६८ ला तिथेच वेस्ट इंडीजच्या गॅरी सोबर्सने ग्लॅमॉर्गनच्या माल्कम नॅशला सहा चेंडूंत सहा षटकार मारले. ग्लॅमॉर्गनचा कप्तान हाच टोनी लुईस. (१९८५ मध्ये वानखेडेवर तिलक राजला सहा षटकार मारणारा रवी शास्त्री पुढे खेळायला गेला तो ग्लॅमॉर्गनकडेच. योगायोग, पण काय योगायोग.) आणि नोव्हेंबर १९६९ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा गोरा रग्बी संघ त्याच मैदानावर उतरला, तेव्हा वर्णभेदाविरुद्ध निदर्शनं करणाऱ्यांना तिथे बेदम मारहाण झाली. वूलर सामने खेळावेत या मताचा. वेल्सचाच जॉन टेलर मात्र दक्षिण आफ्रिकेविरुद्ध खेळायला तयार झाला नाही. एकाच लाल जर्सीतल्या माणसांचं राजकारण एकच असतं, असं नाही.

वेगळ्या वेल्सचं राजकारण पेटलं ते पाण्यावरून. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहराच्या पाण्यासाठी वेल्सच्या ट्रिवेरिन खोऱ्यात धरण बांधायचं ठरलं. वेल्सच्या एकाही खासदाराने १९५७ च्या त्या विधेयकाच्या बाजूने मत दिलं नाही, तरी ते मंजूर झालं. १९६५ मध्ये कॅपेल केलिन गावाची शाळा, चॅपल, शेतं, सगळं पाण्याखाली गेलं. धरणग्रस्त म्हणजे काय हे आपल्याकडे कुणाला वेगळं सांगायला नको. पुढच्याच वर्षी, १४ जुलै १९६६ रोजी, कारमार्थनच्या पोटनिवडणुकीत ग्विनफर इव्हान्स निवडून आले, प्लाइड कम्री या वेल्श राष्ट्रवादी पक्षाचे पहिले खासदार. १९८० मध्ये त्यांनी वेल्श दूरचित्रवाहिनीसाठी आमरण उपोषणाचा इशारा दिला. उपोषण सुरू होण्याआधीच थॅचर सरकार नमलं आणि १९८२ मध्ये वाहिनी सुरू झाली.

पण मतपेटीत लोक बिचकत होते. १९७९ च्या सार्वमतात वेल्सने स्वतःची विधानसभा चार विरुद्ध एक अशा फरकाने नाकारली. १९९७ मध्ये स्वीकारली, तीही अवघ्या ६,७२१ मतांनी. पहिल्या पराभवानंतरच्या उदास दिवसांत, १९८३ मध्ये, दाविद इवान या गायक-कार्यकर्त्याने ‘अजून इथेच आहोत’ अशा अर्थाचं गाणं लिहिलं. भाषेच्या चळवळीत तुरुंगात जाऊन आलेला हा माणूस पुढे प्लाइड कम्रीचा अध्यक्ष झाला. मार्च २०२२ मध्ये फुटबॉल वर्ल्ड कप पात्रतेच्या सामन्याआधी कार्डिफच्या स्टेडियममध्ये तो ते गाणं गायला उभा राहिला, वय ७८, आणि तरुण पोरांच्या गर्दीसमोर त्याचा चेहरा भरून आला. त्या रात्री गॅरेथ बेलने दोन गोल करून ऑस्ट्रियाला हरवलं. वेल्स १९५८ नंतर थेट ६४ वर्षांनी वर्ल्ड कपला पोहोचलं.

क्रिकेटचं काय? जुलै २००९ मध्ये ॲशेसची, म्हणजे इंग्लंड-ऑस्ट्रेलिया मालिकेची, पहिली कसोटी कार्डिफला झाली. अँडरसन आणि पानेसर या इंग्लंडच्या शेवटच्या जोडीने ६९ चेंडू खेळून काढले, सामना वाचला, आणि वेल्सच्या राजधानीत इंग्लंडच्या नावाने जल्लोष झाला. मंडळाचं पूर्ण नाव इंग्लंड अँड वेल्स क्रिकेट बोर्ड. आद्याक्षरं मात्र ईसीबी.