नागपूर महापालिका : नोकरभरती आणि खरेदीच्या नस्तीवर नजर कोणाची?

४ मार्च २०२२ ला नागपूर महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढचे मतदान व्हायला जानेवारी २०२६ उजाडला. मधल्या जवळजवळ चार वर्षांत शहरात एकही नगरसेवक नव्हता. आयुक्तच प्रशासक होते. आयुक्त म्हणून विषय मांडायचा आणि प्रशासक म्हणून त्याला मंजुरी द्यायची, म्हणजे दोन्ही सह्या एकाच हाताच्या. संविधानाच्या अनुच्छेद २४३-यू प्रमाणे सभागृहाची मुदत पाच वर्षांची असते आणि ती संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी. पण ओबीसी आरक्षणाची तिहेरी कसोटी (त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने घातलेल्या तीन अटी), प्रभागरचना, सदस्यसंख्या अशा एकामागून एक वादांत तारीख पुढे ढकलली गेली. शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्यायला सांगितले आणि नंतर ३१ जानेवारी २०२६ ही अखेरची मुदत घालून दिली, तेव्हा कुठे राज्यातल्या महापालिकांचे मतदान पार पडले.

सभागृह होते तेव्हा नोकरभरती आणि खरेदी स्वच्छ होती, असे कोणताही जुना नागपूरकर म्हणणार नाही. शहराला हादरवून सोडणारी प्रकरणे नगरसेवक असतानाच घडली, आणि काहींत नगरसेवकच आरोपी होते. तरीही सभागृह असण्याने एक गोष्ट घडते. पैसा बाहेर पडण्याआधी विषय विषयपत्रिकेवर छापला जातो, विरोधी बाकावरच्या माणसाच्या हाती पडतो, पत्रकारांना मिळतो. नागपुरात बहुतेक वेळा उलट झाले, आधी देयक निघाले आणि मग चौकशी बसली. हे असे का झाले, ते समजायला थोडे मागे जावे लागते.

नागपूरची नगरपालिका १८६४ ची. तेव्हा तिच्यावर सरकारी अधिकाऱ्यांचाच वरचष्मा होता. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला अंबाझरी तलावातून शहराला नळाने पाणी देण्याची योजना झाली. ती अलेक्झांडर बिनी या इंग्रज अभियंत्याने केली. कोणाला नेमायचे, नळ कुठून आणायचे, यावर शहरातल्या करदात्याला बोलायला तेव्हा फारशी जागा नव्हती. १८८२ च्या रिपन ठरावानंतर (व्हाइसरॉय रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव) निवडून आलेले सदस्य वाढत गेले. १९३६ च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास आला आणि नगररचनेचा, जमिनींचा मोठा कारभार राज्य सरकारने नेमलेल्या सभापतींकडे गेला. महापालिकेचे मोजके प्रतिनिधी विश्वस्त मंडळावर असतात, पण प्रन्यासाचे कंत्राट महापालिकेच्या सभागृहात मंजुरीला येत नाही. एकाच शहरात दोन तिजोऱ्या आणि दोन भांडारे, हे नागपूरचे जुने दुखणे आहे.

महापालिका २ मार्च १९५१ ला अस्तित्वात आली. पहिले महापौर बॅरिस्टर शेषराव वानखेडे. नागपूर त्या वेळी मध्य प्रदेशची राजधानी होते, त्यामुळे महापालिकेचा कायदाही इथलाच होता, ‘सिटी ऑफ नागपूर कॉर्पोरेशन ॲक्ट, १९४८’. मुंबईला १८८८ चा कायदा, पुण्याला आणि अहमदाबादला १९४९ चा, आणि नागपूरला स्वतःचा स्वतंत्र. राज्ये बदलली, १९५६ ला आपण मुंबई राज्यात आलो, १९६० ला महाराष्ट्र झाला, तरी हा कायदा टिकला तो थेट २०१२ पर्यंत. त्यानंतर तो रद्द होऊन १९४९ चाच कायदा, महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम या नव्या नावाने, नागपूरला लागू झाला. महापालिकेतल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘सीएनसी ॲक्टात असं होतं’ हे वाक्य त्यानंतरही बरीच वर्षे ऐकू यायचे.

आजच्या अधिनियमातली व्यवस्था कागदावर चांगली आहे. ठराविक रकमेच्या वरचे कोणतेही कंत्राट स्थायी समितीच्या मान्यतेशिवाय आयुक्तांना करता येत नाही (कलम ७३). स्थायी समितीत १६ सदस्य, त्यातले निम्मे दरवर्षी निवृत्त होतात. नवे पद निर्माण करायचे तर राज्य सरकारची मंजुरी लागते (कलम ५१). वरिष्ठ पदांवरची नेमणूक महापालिकेने म्हणजे सभागृहाने करायची, बाकीची आयुक्तांनी (कलम ५३). कंत्राटात हितसंबंध असलेल्या नगरसेवकाचे पद जाऊ शकते (कलम १०). सभागृहाचा ठराव बेकायदा वाटला तर सरकार तो निलंबित किंवा विखंडित (रद्द) करते (कलम ४५१). शिवाय महापालिकेचा स्वतःचा मुख्य लेखापरीक्षक असतो आणि त्याचे आक्षेप स्थायी समितीपुढे यायचे असतात.

पण कागदावरची नजर प्रत्यक्षात कुठे चुकते, हे स्थायी समितीची विषयपत्रिका ज्याने हातात घेतली आहे त्याला ठाऊक असते. छापील विषय संपले की एक ओळ येते, ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. सदस्याला त्याची टिपणी बैठकीत बसल्यावर मिळते. अंदाजपत्रक काय, किती निविदा आल्या, सर्वात कमी दर कोणाचा आणि तो अंदाजपत्रकापेक्षा किती जास्त, हे सगळे पाच मिनिटांत वाचून हात वर करायचा. आणीबाणीसाठी ठेवलेली ही खिडकी आहे. ती रोजचा दरवाजा झाली की १६ जणांची समिती ठेवण्यात अर्थ उरत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

शहराच्या आठवणीत ठसलेले प्रकरण म्हणजे क्रीडासाहित्य खरेदी. २००० च्या आसपासचे. खेळाचे साहित्य महापालिकेच्या पैशातून घेतले गेले, आणि दर, पुरवठा, वाटप या सगळ्यावर प्रश्न उभे राहिले. राज्य सरकारने सनदी अधिकारी नंदलाल यांची एकसदस्यीय समिती नेमली. समितीने क्रीडासाहित्याबरोबर नोकरभरतीही तपासली. गुन्हे दाखल झाले, आरोपींत नगरसेवक होते आणि अधिकारीही. खटला वर्षानुवर्षे चालला. त्या काळी ज्यांनी नुकते काम सुरू केले होते ते पत्रकार केस पांढरे होईपर्यंत याच प्रकरणाच्या तारखा लिहीत राहिले.

त्यातला नोकरभरतीचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण खरेदीत पैसा जातो, भरतीत माणसे अडकतात. मागल्या दाराने झालेल्या म्हणून शंभरहून अधिक कर्मचाऱ्यांच्या नेमणुका रद्द झाल्या. जाहिरात नाही, बिंदुनामावली (आरक्षणाप्रमाणे पदांचा ठरलेला क्रम) पाळलेली नाही, मंजूर पदच नाही, असे आक्षेप अशा भरतीवर येतात आणि ते खरेही असतात. पण घरी बसतो तो लिपिक किंवा शिपाई. त्याला आदेश देणारा कधीच पुढे निघून गेलेला असतो. हे कर्मचारी पुढे कितीतरी वर्षे परत घ्या म्हणून न्यायालयाचे आणि सभागृहाचे उंबरठे झिजवत राहिले. १० एप्रिल २००६ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने उमादेवी प्रकरणात सांगितले की नियम डावलून झालेली नेमणूक नुसत्या सेवेच्या वर्षांवर कायम होत नाही. निकाल योग्यच होता. पण त्यानंतर रोजंदारी, मानधन, ठोक पगार, एजन्सीमार्फत मनुष्यबळ अशी नावे वाढली. माणूस तोच, काम तेच, फक्त आता तो भरतीच्या नस्तीत (फाइलमध्ये) नव्हता, खरेदीच्या नस्तीत होता. मनुष्यबळ पुरवठ्याची निविदा निघते तेव्हा ती नोकरभरतीच असते, हे सभागृहाने कधी नीट लक्षात घेतले नाही.

नागपूरचे ऐवजदार हे याचे सगळ्यात जवळचे उदाहरण. कायम सफाई कामगार गैरहजर असला की त्याच्या ऐवजी झाडू घेणारा तो ऐवजदार. प्रत्यक्षात हजारो माणसांनी उमेदीची अख्खी वर्षे ऐवजदार म्हणून काढली. दुसरीकडे १९७५ च्या लाड समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरीचा हक्क मिळाला. तो हक्क कायम कामगाराच्या घरात पोचला, ऐवजदाराच्या घरात नाही. अखेर राज्य सरकारच्या मंजुरीने अधिसंख्य पदे निर्माण करून ऐवजदारांना टप्प्याटप्प्याने स्थायी केले गेले. अधिसंख्य म्हणजे ती व्यक्ती निवृत्त झाली की ते पदही संपणार. याच कामगारांच्या हजेरीसाठी महापालिकेने जीपीएस घड्याळे भाड्याने घेतली होती. मंगळवारी नावाच्या झोनमध्ये एखादी बाई सकाळी झाडू घेऊन कुठल्या गल्लीत उभी आहे, हे मुख्यालयाच्या पडद्यावर दिसू लागले. घड्याळांचे भाडे, करार, मुदत यांवर तेवढ्याच बारकाईने नजर ठेवायला हवी होती.

आस्थापना खर्च, म्हणजे मुख्यतः पगारांचा खर्च, ३५ टक्क्यांच्या आत ठेवा, ही राज्याची अट महापालिकेवर सतत टांगलेली असते. त्यामुळे माणसे निवृत्त होतात, जागा भरल्या जात नाहीत, आणि एकेका अभियंत्याकडे, एकेका लेखापालाकडे दोन-तीन टेबले येतात. नजर ठेवणारी माणसेच कमी पडली की खरेदीत भोक पडणारच. २१ नोव्हेंबर २०२२ च्या शासन निर्णयानंतर भरतीच्या परीक्षा टीसीएस किंवा आयबीपीएस या बाहेरच्या संस्थांमार्फत घ्यायचे ठरले. त्याआधी सरकारी भरतीच्या ऑनलाइन परीक्षांचे महापरीक्षा पोर्टल बंद पडले होते आणि २०२१ मध्ये आरोग्य भरतीचे पेपर फुटले होते, त्यामुळे हा बदल उमेदवारांना दिलासा देणारा होता. गुणवत्ता यादीतला हस्तक्षेप यामुळे अवघड झाला. कोणती पदे भरायची आणि कोणती एजन्सीकडे द्यायची, हा मूळ निर्णय मात्र परीक्षेच्या बाहेरच राहिला.

खरेदीतही तंत्र आले. १ डिसेंबर २०१६ च्या राज्याच्या खरेदी नियमावलीने ३ लाखांवरच्या खरेदीला ई-निविदा सक्तीची केली. मर्यादा आली की तिच्या खाली राहण्यासाठी तुकडे पाडण्याचा मोह येतो, आणि लेखापरीक्षक पहिल्यांदा तेच शोधतात. एकाच महिन्यात, एकाच पुरवठादाराकडून, एकाच मालाच्या तीन मागण्या.

डिसेंबर २०२१ मधला स्टेशनरी घोटाळा इथे नीट पाहण्यासारखा आहे. सुरुवातीला उघड झालेली रक्कम सुमारे ६७ लाख. महापालिकेच्या मानाने ती फार मोठी नाही. पण कसे झाले ते अस्वस्थ करणारे आहे. साध्या कागदाच्या रिमचा प्रवास असा असतो : विभागाचे मागणीपत्र, दर, पुरवठा आदेश, भांडारात माल उतरणे, साठा नोंदवहीत नोंद, माल मिळाल्याचा दाखला, देयक, लेखापरीक्षण, वित्त विभाग, आणि मग पैसे. किमान पाच-सहा सह्या. इथे माल पोचलाच नव्हता आणि पैसे निघून गेले होते. म्हणजे कोणत्याही टप्प्यावर कुणी भांडारात जाऊन खोकी मोजली नाही. प्रत्येक टेबलाने आधीच्या टेबलाची सही पाहून आपली सही केली. पोलिसांत गुन्हा नोंदला गेला, सभागृहात गदारोळ झाला, नगरसेवकांची चौकशी समिती नेमली गेली. पण तेव्हा सभागृहाच्या हाती जेमतेम तीन महिने उरले होते.

त्यानंतर प्रशासकीय राजवट आली. त्या काळात कामे थांबली नाहीत, काही तर झपाट्याने झाली. कारण अडवणारे कुणी नव्हते. मला काळजी त्याचीच वाटते. महालातल्या टाऊन हॉलमध्ये वर्षानुवर्षे जी सभा भरायची, तिच्यात आरडाओरडा व्हायचा, कागद फाडले जायचे, पण त्या आरड्यातच एखादा सदस्य उभा राहून ‘हा दर कुठून आला?’ विचारायचा आणि अधिकाऱ्याला सर्वांसमोर उत्तर द्यावे लागायचे. प्रशासक काळात हा प्रश्न विचारायला उरले ते माहिती अधिकारात अर्ज करणारे नागरिक, काही वृत्तपत्रे आणि उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ. अर्ज करणाऱ्याला कायद्याने तीस दिवसांत उत्तर मिळायचे. तेवढ्यात कंत्राटदाराला कार्यादेश (काम सुरू करण्याचा आदेश) निघालेला असतो.

सभागृहाला आता पुन्हा सदस्य मिळाले आहेत. पण मधल्या काळात, खरे तर त्याच्याही आधीपासून, निर्णयाची जागाच सरकली आहे. स्मार्ट सिटीसाठी नागपूरची निवड सप्टेंबर २०१६ मध्ये झाली आणि त्या कामांसाठी वेगळी कंपनी आली. कंपनीची निविदा संचालक मंडळात ठरते, स्थायी समितीत नाही. २०२० मध्ये महापौर संदीप जोशी आणि आयुक्त तुकाराम मुंढे यांच्यात कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकारीपदावरून जो जाहीर वाद झाला, त्याकडे दोन व्यक्तींचे भांडण म्हणून पाहिले गेले. मूळ प्रश्न वेगळा होता : महापालिकेच्या मालकीच्या कंपनीचा धनादेश कोणाच्या अधिकारात निघतो, आणि त्याचा हिशेब १५१ नगरसेवकांना कोण देतो?

पाण्याचे तसेच. नागपूरचा पाणीपुरवठा मार्च २०१२ पासून २५ वर्षांच्या करारावर ऑरेंज सिटी वॉटरकडे आहे आणि देखरेख नागपूर एन्व्हायर्नमेंटल सर्व्हिसेस या महापालिकेच्याच कंपनीकडे. करार मंजूर करणारे बहुतेक सदस्य आज सभागृहात नाहीत. करार २०३७ पर्यंत चालायचा आहे, आणि दर, गळती, टँकर, कामगार यांचे आकडे मागण्याचा अधिकार आत्ताच्या सदस्यांनाही आहे, फक्त तो विषय छापील विषयपत्रिकेवर यायला हवा.