‘ॲपल’ स्थिर कक्षेत कसा पोहोचला?

नागपुरातील कोणत्याही वस्तीत गच्च्यांवर नजर टाकली, तर टीव्हीच्या साऱ्या छत्र्यांची तोंडे दक्षिणेकडे वळलेली दिसतात, कारण दूरसंचार उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटरवर पृथ्वीच्या बरोबरीने फिरत, म्हणजे जमिनीवरून पाहता एकाच जागी स्थिर असतात (हीच स्थिर कक्षा) आणि नागपूर विषुववृत्ताच्या २१ अंश उत्तरेला आहे. वास्तूच्या नावाखाली दक्षिण दिशा अशुभ ठरवणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे. त्याहून रुजलेला गैरसमज असा, की त्या उंचीवर गुरुत्वाकर्षण संपते आणि म्हणून उपग्रह तिथे अधांतरी राहतो. प्रत्यक्षात तिथेही ते भूपृष्ठावरच्या सुमारे ४४व्या हिश्शाइतके असते. उपग्रहाला तोलून धरतो तो सेकंदाला ३.०७ किलोमीटरचा वेग.

हा वेग देण्याची विद्या इस्रोने ‘ॲपल’ या प्रायोगिक दूरसंचार उपग्रहावर कमावली. १९७५-७६च्या ‘साइट’ या उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणीच्या प्रयोगात २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचली, पण तो उपग्रह अमेरिकेचा होता. ‘ॲपल’ आपण बांधला आणि १९ जून १९८१ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून युरोपच्या ‘एरियन’ रॉकेटने तो नेला.

रॉकेटने त्याला सोडले ते लांबट कक्षेत, जिचे एक टोक पृथ्वीपासून काहीशे किलोमीटरवर आणि दुसरे, म्हणजे अपभू, सुमारे ३६,००० किलोमीटरवर होते. अशा कक्षेत अपभूपाशी वेग सर्वांत कमी, सेकंदाला जेमतेम १.६ किलोमीटर असतो, त्यामुळे उपग्रह तिथून पुन्हा खाली ओढला जातो. नेमक्या त्याच ठिकाणी मोटर पेटवून वेगात सेकंदाला सुमारे दीड किलोमीटरची भर घातली, तरच कक्षा वर्तुळाकार होते. शिवाय कक्षेचा विषुववृत्ताशी असलेला कलही काढायचा असतो. वेगाला दिशा असल्याने ही दोन्ही कामे एकाच तिरप्या रेट्यात उरकतात, आणि वेग मुळात कमी असताना दिशा बदलणे स्वस्त पडते. ‘ॲपल’ची मोटर इस्रोच्याच ‘एसएलव्ही-३’ रॉकेटच्या चौथ्या टप्प्यावरून तयार केलेली, घन इंधनाची होती. ती एकदा पेटली की थांबवता येत नाही, म्हणून सारा हिशेब आधीच अचूक करावा लागला.

बैलगाडीवरचा ‘ॲपल’ दाखवणारे छायाचित्र आज गरिबीचा पुरावा म्हणून फिरवले जाते, याचे वाईट वाटते. अँटेनाची चाचणी घेताना धातूच्या वाहनामुळे रेडिओलहरी परावर्तित होऊ नयेत, म्हणून लाकडी गाडी मुद्दाम निवडली होती.

कक्षेत गेल्यावर एक सौरपंख उघडलाच नाही, तरी सप्टेंबर १९८३पर्यंत या उपग्रहावर प्रयोग चालले. पुढे १९९२मध्ये इस्रोने बांधलेल्या ‘इन्सॅट-२ए’वर द्रव इंधनाची मोटर आली, ती बंद करून पुन्हा पेटवता येत असल्याने तोच रेटा हप्त्याहप्त्याने देता येऊ लागला.