दगडी बैठक (फ्लाय टाइंग व्हाइसची)

फ्लाय फिशिंगसाठी गळावर पिसे, केस आणि दोरा बांधून कृत्रिम माशी तयार करतात. हे काम करताना गळ ज्या चिमट्यात धरतात तो व्हाइस. त्याचा उभा दांडा टेबलाला क्लॅम्पने आवळता येतो किंवा जड बैठकीत उभा करता येतो. काठ जाड किंवा गोल असलेल्या टेबलावर क्लॅम्प बसत नाही आणि लाकडावर त्याचे वळ उठतात, म्हणून बैठक बरी. विकतच्या बैठका बहुधा लोखंडाच्या असतात. गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत रंग उडाला की त्या गंजू लागतात. दगडाला ती अडचण नाही.

बैठकीचे वजन सगळे पाहतात, रुंदी मात्र नजरेतून सुटते. मांडवी-जुवारी नद्यांच्या मुखाकडे चोणकासाठी (जिताड्यासाठी) बांधायच्या माश्यांचे गळ १/० ते ३/० अशा मोठ्या आकाराचे असतात. त्यांवर जाड दोरा ओढून आवळावा लागतो. ट्राउटच्या नाजूक माशीला पुरणारी बैठक इथे पुढे कलंडते. २० × १५ सेंमी आकाराच्या, १८ मिमी जाड ग्रॅनाइटच्या दोन फरश्या एकमेकींवर चिकटवल्या तर वजन साधारण २.९ किलो भरते. गळ टेबलापासून २० सेंमी उंच असेल, तर बांधणाऱ्याच्या दिशेने सुमारे १.१ किलोची आडवी ओढ लागेपर्यंत ही बैठक उलटत नाही. वजन तेवढेच ठेवून खोली (पुढून मागचे माप) १५ ऐवजी १० सेंमी केली, तर हीच मर्यादा पाऊण किलोच्या आसपास येते.

दगड कोणता? घराघरात सापडणारा चिरा (जांभा) इथे निरुपयोगी आहे. तो सच्छिद्र असतो, कडा झिजतात, तांबडी भुकटी पिसांना लागते आणि भोकात बसवलेली बुश (दांडा धरणारी धातूची नळी) सैल होते. कडप्पा स्वस्त मिळतो, पण ड्रिल करताना त्याचे थर सुटण्याची भीती असते. शिवाय तो चुनखडीचा असल्याने लिंबू-व्हिनेगरचे डाग कायमचे राहतात. सत्तरीकडचा काळा बसाल्ट घट्ट आणि ग्रॅनाइटपेक्षा थोडा जड असतो. काणकोणच्या भागात ग्रॅनाइट आहे. तरीही डोंगरातून किंवा नदीतून दगड आणण्याच्या फंदात पडू नये. त्याला परवानगी लागते, आणि म्हादई व नेत्रावळी अभयारण्यांतून काहीही उचलून आणता येत नाही. सर्वांत सोपी जागा म्हणजे ग्रॅनाइटचे दुकान. स्वयंपाकघराच्या ओट्यात सिंकसाठी कापून काढलेला तुकडा तिथे पडून असतो, आणि त्यातून दोन्ही फरश्या निघतात. काळा चकचकीत दगड दिसायला छान, पण दिव्याची तिरीप डोळ्यांवर येते आणि काळे गळ त्यावर हरवतात. फिकट रंगाचा, बिनपॉलिशचा दगड कामाला चांगला.

बहुतेक क्लॅम्पवाल्या व्हाइसचा दांडा ९.५ मिमी, म्हणजे ३/८ इंच जाडीचा असतो, पण आधी व्हर्नियरने मोजून घ्यावा. दगडात आटे पाडून स्क्रू आवळता येत नाही, म्हणून पितळी बुश लागते. लेथवाल्याकडून ती बाहेरून १६ मिमी, आतून ९.७ मिमी आणि ४५ मिमी लांब करून घ्यावी. तिचा १८ मिमी भाग दगडात जातो. वर राहिलेल्या २७ मिमीमध्ये एकमेकांशी काटकोनात दोन एम५ ग्रब स्क्रूंची (बिनडोक्याच्या स्क्रूंची) भोके पाडावीत. एकच स्क्रू असेल तर जोरात ओढल्यावर दांडा फिरतो.

उजव्या हाताने बांधणाऱ्यासाठी भोक डाव्या कडेपासून ५ सेंमी आणि मागच्या कडेपासून ५ सेंमी घ्यावे. म्हणजे गळ बैठकीच्या वर राहतो, बाहेर लोंबत नाही. कडेच्या ३ सेंमीच्या आत भोक घेतले तर कोपरा तुटू शकतो.

भोक फक्त वरच्या फरशीत, आरपार पाडायचे. त्यासाठी हिऱ्याचा १८ मिमीचा पोकळ बिट लागतो आणि ड्रिलचा हॅमर बंद ठेवावा लागतो. हॅमरने ग्रॅनाइटला तडा जातो. खूण केलेल्या जागेभोवती शाडूचे किंवा कणकेचे आळे करून त्यात पाणी ठेवावे. बिट आधी तिरका टेकवून चंद्रकोरीएवढी खाच पाडावी, मग हळूहळू सरळ करावा, नाहीतर तो घसरत जाऊन पृष्ठभागावर ओरखडे उठवतो. खाली लाकडी फळी घट्ट असावी आणि शेवटचे ३ मिमी दाब न देता कापावेत. ही घाई केली की मागची बाजू टवके उडून फुटते. बॅटरीवर चालणारे ड्रिल वापरले तर पाणी आणि विजेचा संबंध येत नाही. कडा घासतानाही दगड ओला ठेवून एन९५ मास्क लावावा, कारण ग्रॅनाइटच्या धुळीतला सिलिका फुफ्फुसांना घातक असतो.

चिकटवण्यापूर्वी फरश्या पूर्ण सुकल्या पाहिजेत. पावसाळ्यात हे काम टाळावे, कारण ओल्या दगडावर इपॉक्सी पांढुरकी पडते आणि पुढे सुटते. फरश्यांचे चिकटवायचे तोंड पॉलिशचे असेल तर ते ८० नंबरच्या पेपरने खरवडावे, बुशेवर कानशीने आडव्या खाचा पाडाव्यात आणि सगळे अॅसिटोनने पुसावे. गुळगुळीत पितळ इपॉक्सीतून उपसून येते, ही नेहमीची तक्रार. मंद सुकणारी दोन भागांची इपॉक्सी पुड्यावर लिहिलेल्या प्रमाणात मिसळून फरश्यांच्या मध्ये आणि बुशेभोवती लावावी. पाच मिनिटांत घट्ट होणारी इथे घेऊ नये, कारण फरश्या जुळवायलाच तेवढा वेळ जातो. बुशेत ग्रीस लावलेला दांडा घालून तो दोन्ही बाजूंनी गुण्याला लावून उभा करावा, चिकटपट्टीने ताणून धरावा आणि २४ तास हलवू नये. ग्रीस विसरलात तर दांडाही कायमचा बैठकीत बसतो.

तळाला ३ मिमी रबर चिकटवावे. नमद्याला दमट हवेत बुरशी धरते. ग्रब स्क्रू स्टेनलेसचे असावेत, आणि दांड्यावर ओरखडे नको असतील तर स्क्रूच्या टोकाखाली नायलॉनचा बारीक तुकडा ठेवावा.